बीपीची गोळी आणि उत्तेजक औषधं: धडधड थांबली म्हणजे दाब थांबला असं नाही

रोज बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसभरात काय काय जातं, याची एकदा यादी करून बघा. उठल्याउठल्या हिरड्यांना लावलेली मिश्री, मग चहा, सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी, दम्याचा पंप, दाढ काढताना हिरडीत टोचलेलं इंजेक्शन. घरातला तरुण मुलगा असेल तर जिमची उत्तेजक पावडर. यातली प्रत्येक गोष्ट हृदयाला नाहीतर रक्तवाहिन्यांना नेहमीपेक्षा जोरात कामाला लावते, आणि बीपीची गोळी नेमकी उलट बाजूने ओढत असते. दोघांची गाठ पडल्यावर काय होणार, हे तुमची गोळी कोणत्या गटातली आहे यावर ठरतं. सगळ्या बीपीच्या गोळ्या सारख्या नसतात. "गोळी चालू आहे ना, मग काही होत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की हा लेख सविस्तरच लिहायचं ठरवलं.

आधी शरीरात काय घडतं ते

भीती वाटली, राग आला, धावलो, की शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही रसायनं सुटतात. ती ज्या जागी जाऊन बसतात त्यांना रिसेप्टर म्हणतात. आपल्या विषयापुरते तीन पुरेत. अल्फा रिसेप्टर जागे झाले की रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. बीटा-१ हृदयात असतात, ते हृदयाची गती आणि जोर वाढवतात. बीटा-२ श्वासनलिका मोकळ्या करतात आणि स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या सैल करतात.

उत्तेजक औषधं याच यंत्रणेला हात घालतात, पण प्रत्येकाची वाट वेगळी. स्युडोएफेड्रिन, मेफेन्टरमिन आणि अ‍ॅम्फेटामिन चेतातंतूंमधून नॉरअ‍ॅड्रिनलिन बाहेर ढकलतात. मिथाइलफेनिडेट आणि कोकेन सुटलेलं रसायन परत आत शोषू देत नाहीत, त्यामुळे ते जास्त वेळ काम करत राहतं. फिनाइलएफ्रिन सरळ अल्फा रिसेप्टरवर जाऊन बसतं. चहा-कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडिनोसिन या शांत करणाऱ्या रसायनाला अडवतं. तंबाखूतलं निकोटिन अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून अ‍ॅड्रिनलिन सोडवतं.

आता समजा बीपीच्या गोळीने फक्त बीटा रिसेप्टर बंद केले. हृदय जोरात धावणार नाही. पण अल्फा उघडेच आहेत, म्हणजे रक्तवाहिन्या आवळतच राहणार. गोळी प्रोप्रॅनोलॉलसारखी असेल तर बीटा-२ सुद्धा बंद, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी उरलीसुरली सोयही गेली. नाडी ७० आणि दाब भलताच वर, असं चित्र दिसू शकतं. शिट्टी वाजत नाही म्हणून कुकरमध्ये वाफ नाही, असं स्वयंपाकघरात कुणी धरून चालत नाही. धडधडीचंही तसंच धरा.

याचा सगळ्यात ठळक पुरावा आपल्या कोकणातच आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनचा अक्षरशः लोट सुटतो. दाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात अशा रुग्णांना प्रॅझोसिन द्यायला सुरुवात केली. प्रॅझोसिन ही मुळात बीपीची गोळी, आणि ती अल्फा रिसेप्टर बंद करते. आधी गंभीर रुग्णांतले बरेच जण दगावायचे, ते प्रमाण या उपचाराने झपाट्याने खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकटा बीटा ब्लॉकर, म्हणजे फक्त बीटा रिसेप्टर बंद करणारी गोळी, देऊन हे साधलं नसतं, कारण दाब वाढवणारा मुख्य रिसेप्टर उघडाच राहिला असता. अ‍ॅड्रिनल ग्रंथीत अ‍ॅड्रिनलिन बनवणारी गाठ झालेल्या रुग्णालाही डॉक्टर आधी अल्फा ब्लॉकर देतात आणि मगच बीटा ब्लॉकर. हा क्रम उलटा करत नाहीत.

पहिली पायरी: आपली गोळी नावानिशी ओळखा

पाकीट उलटं करा आणि मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. शेवटच्या अक्षरांवरून गट कळतो. शेवट 'लॉल' असेल तर बीटा ब्लॉकर: अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल. 'सार्टन' म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. 'प्रिल' म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल. 'डिपिन' म्हणजे अमलोडिपिन, सिल्निडिपिन. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड ही लघवी वाढवणारी औषधं. क्लोनिडिन आणि प्रॅझोसिन वेगळी.

आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं असणं अगदी सर्रास. कंपनीच्या नावापुढे एएम, एच, सीटी अशी अक्षरं असतात ती बहुतेकदा याचीच खूण, पण अक्षरांवर विसंबू नका, घटकच वाचा. आणि घरातल्या आजीला वाचता येत नसेल तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीतून लिहून तिच्या औषधांच्या डब्यात ठेवा. हा कागद पुढे तीन-चार ठिकाणी कामाला येणार आहे.

दुसरी पायरी: कोणती गोळी काय थांबवते आणि काय नाही

टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिलच्या गटांना अ‍ॅड्रिनलिनशी थेट देणंघेणं नाही. ती दुसऱ्याच यंत्रणेतून दाब कमी करतात. त्यामुळे उत्तेजक घेतल्यावर धडधडही होते आणि दाबही चढू शकतो, पण निदान शरीर सूचना तरी देतं.

अमलोडिपिन रक्तवाहिन्यांचा स्नायूच सैल करतं, त्यामुळे आवळणाऱ्या औषधाचा जोर थोडा बोथट होतो. हृदयाच्या गतीला मात्र ते आवरत नाही.

लघवीच्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो लोकांच्या लक्षातच येत नाही. या गोळ्या शरीरातलं पोटॅशियम आणि पाणी कमी करतात. दम्याच्या सालब्युटामॉलचे जास्त डोस, विशेषतः नेब्युलायझरमधून, पोटॅशियम आणखी खाली नेतात. कमी पोटॅशियम आणि वर उत्तेजक, हा हृदयाचे ठोके बिघडायचा सरळ रस्ता आहे. घरगुती काढ्यातल्या ज्येष्ठमधानेही पोटॅशियम घटतं आणि दाब वाढतो. ज्येष्ठमध उत्तेजक नाही, पण सर्दीत तो रोज आणि भरपूर घेतला जातो म्हणून इथे सांगितलं. लघवीची गोळी चालू असेल तर ज्येष्ठमधाचा काढा दिवसेंदिवस पिऊ नये.

बीटा ब्लॉकरबद्दल वर सांगितलंच. भर एवढीच, की अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल आणि बिसोप्रोलॉल कमी डोसमध्ये मुख्यतः हृदयावरच काम करतात, त्यामुळे त्यांच्याबाबतीत हा धोका कमी. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही बीटा बंद करतं, तिथे जास्त जपायचं. लॅबेटॅलॉल आणि कार्व्हेडिलॉल अल्फाही काही प्रमाणात बंद करतात. प्रोप्रॅनोलॉल हे बीपीखेरीज मायग्रेन, हाताचा कंप, थायरॉइडची धडधड यांसाठीही देतात. अशा माणसाला "बीपीची गोळी चालू आहे का?" असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. म्हणून विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं ते गोळीच्या नावाने, आजाराच्या नावाने नाही.

क्लोनिडिन मेंदूतूनच नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पुरवठा कमी करतं. ते अचानक बंद केलं तर एक-दोन दिवसांत दाब उसळी मारतो. त्याच सुमारास सर्दीची गोळी किंवा दुसरं उत्तेजक पोटात गेलं तर दोन्हींची भर पडते. बीटा ब्लॉकरही एकदम सोडायचा नसतो. गावाला जाताना गोळ्या विसरणं हे याचं नेहमीचं कारण. पाच दिवसांसाठी जात असाल तर आठ दिवसांच्या गोळ्या न्या.

तिसरी पायरी: सर्दीची गोळी

खरा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू. मेडिकलमध्ये "सर्दीचं काहीतरी द्या" म्हटलं की जी पाकिटं मिळतात, त्यांतल्या पुष्कळांत पॅरासिटामॉल, सर्दी सुकवणारं क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असतं. काहींत वर कॅफिनही असतं. फिनाइलएफ्रिन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळं करेल अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं, की तोंडाने घेतलेलं फिनाइलएफ्रिन नेहमीच्या डोसमध्ये नाक मोकळं करतच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते वगळण्याचा प्रस्तावही तिथे आला. मग दाब वाढलेल्या माणसाने जे काम करत नाही त्यासाठी थोडाही धोका का पत्करावा? माझ्या मते पत्करू नये.

स्युडोएफेड्रिनचा परिणाम होतो आणि नाक मोकळं होतं. दाब आटोक्यात असलेल्या लोकांमध्ये त्याने वरचा आकडा सरासरीने फक्त एक-दीडने वाढतो, हेही खरं. पण सरासरीत काहींचा काहीच वाढत नाही आणि काहींचा बराच वाढतो. तुम्ही कोणत्या बाजूला आहात हे आधी कळत नाही. दाब आटोक्यात नसेल, हृदयविकार असेल, आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर ते नकोच. फिनाइलप्रोपॅनोलामिन या त्यांच्याच भाऊबंदामुळे मेंदूत रक्तस्राव होत असल्याचं दिसल्यावर अमेरिकेने २००० साली ते बाजारातून हटवायला लावलं होतं.

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांसाठी एक गोष्ट. तिथल्या अ‍ॅलर्जीच्या किंवा सर्दीच्या गोळीच्या नावापुढे 'डी' असेल तर त्यात नाक मोकळं करणारं हे उत्तेजक आहे. 'डी' नसलेली गोळी मागा.

मग करायचं काय? मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब, वाफ, आणि अंग दुखत असेल तर साधी पॅरासिटामॉल. वाहत्या नाकासाठी सिट्रिझिन किंवा लोराटाडिन, पण त्यांच्या पुढेही काही जोडलेलं नाही ना हे बघून. झायलोमेटाझोलिनचे थेंबही रक्तवाहिन्याच आवळतात, फक्त बहुतांशी नाकापुरते. डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस घेता येतात. आठवडाभर टाकले तर नाक उलट जास्त चोंदतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक उत्तेजक नाहीत, पण ती बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा परिणाम कमी करतात, म्हणून अंगदुखीला तीही नकोत.

आयुर्वेदिक म्हणून घेतलेलं सगळं यातून सुटत नाही. दम्याच्या चूर्णांत येणाऱ्या सोमलतेत, म्हणजे एफेड्रा या वनस्पतीत, खरोखरचं एफेड्रिन असतं. एफेड्रा असलेल्या पूरक पदार्थांवर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली. वैद्यांना तुमच्या बीपीच्या गोळीचं नाव सांगितल्याशिवाय ते चूर्ण घेऊ नका.

चौथी पायरी: चहा, मिश्री आणि जिम

एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, फिल्टर कॉफीत ८० ते १००. दाब वाढलेल्या माणसाने २०० ते ३०० मिलिग्रॅम एकदम घेतलं तर वरचा आकडा सुमारे ८ ने आणि खालचा सुमारे ६ ने वाढतो, आणि हे तीनेक तास टिकतं. रोज चहा पिणाऱ्याच्या शरीराला त्याची बरीच सवय झालेली असते. म्हणून दिवसाच्या दोन-तीन कप चहावरून घरातल्या वडीलधाऱ्यांचा जीव खाऊ नका. अडचण आहे ती एनर्जी ड्रिंकची. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, आणि ते गटागट पितात.

मिश्रीबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि हिरडीतून निकोटिन सावकाश आणि बराच वेळ रक्तात जात राहतं. अनेक बायका तिला तंबाखू मानतच नाहीत, दात घासणं मानतात. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की उत्तर नाही असं येतं. मग दाब उतरत नाही, गोळ्या वाढतात, आणि कारण कोपऱ्यातल्या डबीत तसंच राहतं. प्रश्न असा विचारायला हवा: "मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?" बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं यकृत प्रोप्रॅनोलॉल लवकर संपवतं, त्यामुळे तीच गोळी त्यांना कमी पुरते.

जिममध्ये आणि भरतीच्या तयारीत मेफेन्टरमिनचं इंजेक्शन घेण्याचा प्रकार आपल्या राज्यातही आहे, अशा साठ्यांवर कारवायाही झाल्या आहेत. हे औषध ऑपरेशनच्या टेबलवर, पाठीतल्या भुलीनंतर कोसळलेला दाब वर आणायला वापरतात, आणि तेही समोर मॉनिटर ठेवून. घरी किंवा जिममध्ये ते घेण्याचा कोणताही सुरक्षित डोस नाही. धडधड लपवायला कुणी त्याच्यासोबत घरातल्या वडिलांची 'लॉल'वाली गोळी घेत असेल तर तो धोका वाढवतो आहे. धडधड कमी होईल, पण रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतील आणि दाब चढत असल्याची एकमेव खूण पुसली जाईल.

पाचवी पायरी: एकाग्रतेचं औषध डॉक्टरांनीच दिलं असेल तर

एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या आजारासाठी, मिथाइलफेनिडेट घेणारे प्रौढ आता मराठी घरांतही आहेत, परदेशात तर बरेच. आपल्याकडे हे औषध अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. दाब असणाऱ्याला ते देताच येत नाही असं नाही. सरासरीने वरचा आकडा २ ते ४ ने आणि नाडी मिनिटाला ३ ते ६ ठोक्यांनी वाढते. आधी दाब आटोक्यात आणायचा, मग लहान डोसने सुरुवात, हा क्रम. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचंच दुसरं औषध उत्तेजक गटात मोडत नसलं तरी तेही दाब आणि नाडी वाढवतं. गंमत अशी की क्लोनिडिन हे बीपीचं औषध एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेटच्या जोडीने मुद्दाम दिलं जातं. म्हणजे जोडी वाईटच असते असं नाही, ती कुणी आणि काय मोजून जमवली आहे हे महत्त्वाचं.

सुरू करण्याआधी एक आठवडा, आणि डोस बदलल्यावर पुन्हा एक आठवडा घरी दाब मोजा. मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, व्यायाम बंद. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर ठेवा, आणि एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. उत्तेजक गोळीनंतर साधारण दोन तासांनी एक जादा नोंद घ्या, कारण साध्या गोळीचा जोर तेव्हा सर्वाधिक असतो. नाडीही लिहा, पण बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. घरी सरासरी १३५/८५ च्या वर जात असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आपल्या मनाने गोळी वाढवू नका.

सहावी पायरी: दातांच्या डॉक्टरांना आणि इमर्जन्सीत काय सांगायचं

दाढेच्या भुलीत बहुधा लिग्नोकेनसोबत थोडं अ‍ॅड्रिनलिन असतं, भूल टिकावी आणि रक्त कमी वाहावं म्हणून. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्याला त्याने दाब एकदम चढून नाडी मंदावू शकते. उपाय सोपा आहे: अ‍ॅड्रिनलिन नसलेली भूल, किंवा अगदी थोडी, सावकाश दिलेली. पण त्यासाठी तो कागद खुर्चीत बसण्याआधी दाखवायला हवा. त्यासाठी बीपीची गोळी त्या दिवशी बंद ठेवायची नाही.

मधमाशी चावून किंवा औषधाची रिअ‍ॅक्शन येऊन घसा आवळला, अंगभर गांधी उठल्या, तर अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. बीटा ब्लॉकर चालू असला तरी ते घ्यायचंच. फक्त डॉक्टरांना गोळी सांगा, कारण इंजेक्शनचा गुण आला नाही तर त्यांच्याकडे ग्लुकॅगॉनचा पर्याय असतो.

कोकेन, मेथ (मेथअ‍ॅम्फेटामिन) किंवा एमडी (मेफेड्रोन) यांसारखं नशेचं काही घेतल्यावर छातीत दुखत असेल तर हे लपवण्यात जीव जाऊ शकतो. अशा रुग्णाला डॉक्टर आधी मेंदू शांत करणारी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं देतात. एकटा बीटा ब्लॉकर द्यावा का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण काय घेतलं हेच माहीत नसेल तर निवड आंधळेपणाने होते. एमडीएमए (एक्स्टसी) या नशेच्या गोळीने शरीर तापतं आणि रक्तातलं सोडियम घसरू शकतं. लघवीच्या गोळीनेही सोडियम घसरतं. दोन्ही एकत्र आली तर फेफरं येण्यापर्यंत मजल जाते.

मशीनवर १८०/१२० किंवा वर दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढंच असेल, पण काही त्रास नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय गळून जाणं, बोलणं अडखळणं, नजर धूसर होणं, भयंकर डोकेदुखी यांतलं काहीही सोबत असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा. नाडी ७० आहे म्हणून वाट बघू नका. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी पद्धत धोकादायक ठरली आहे, दाब एकदम कोसळून पक्षाघात होऊ शकतो. शेजाऱ्याची गोळीही देऊ नका. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला टेकून बसवा, आणि त्या दिवशी पोटात गेलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं, सर्दीच्या गोळीचं रिकामं पाकीट आणि मिश्रीची डबीसुद्धा, एका पिशवीत भरून सोबत न्या.